संदेष्टा एलिया : दुष्काळात प्रार्थनेला उभा राहिलेला लोकनायक

पावसाची वाट पाहणे म्हणजे काय, हे मराठवाड्यातील माणसाला कुणी शिकवावे लागत नाही. शिरूर अनंतपाळसारख्या कोरडवाहू तालुक्यात मृग नक्षत्र लागले की घराघरातील नजर आभाळाकडे वळते. पेरणी साधली तर वर्ष निभावते. दुबार पेरणीची पाळी आली तर कर्जाचा डोंगर वाढतो. १९७२ चा दुष्काळ जुन्या पिढीने भोगला. २०१६ च्या एप्रिल महिन्यात तर मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पिण्याचे पाणी लातूरला आणावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते आणि ते पाहण्यासाठी लोक रेल्वेमार्गाजवळ जमले होते.

अशा भूमीत राहणाऱ्या श्रद्धावंतांना पवित्र शास्त्रातील एका संदेष्ट्याचे चरित्र विशेष जवळचे वाटावे असे आहे. त्याचे नाव एलिया. त्याचे बहुतेक सारे कार्य दुष्काळाच्या छायेत घडले. त्याच्याजवळ सैन्य नव्हते, धन नव्हते, राजदरबारात मान नव्हता. प्रार्थना हेच त्याचे सामर्थ्य होते, आणि त्या सामर्थ्यावर त्याने वाट चुकलेल्या इस्राएली प्रजेला पुन्हा देवाकडे वळवले. ख्रिस्तसभा दरवर्षी २० जुलै रोजी त्याचे स्मरण करते.

काळ आणि राजा

राजा शलमोनाच्या मृत्यूनंतर इस्राएलचे राज्य दुभंगले. दक्षिणेला यहूदा आणि उत्तरेला इस्राएल अशी दोन राज्ये झाली. उत्तरेकडील राज्यात अम्री नावाच्या पराक्रमी राजाने शोमरोन ही नवी राजधानी वसवली. त्याचा पुत्र अहाब ख्रिस्तपूर्व नवव्या शतकात, सुमारे ८७४ ते ८५३ या काळात राज्य करीत होता. तो केवळ कथेतील राजा नव्हे. अश्शूरच्या राजाने कोरलेल्या एका शिलालेखात ख्रिस्तपूर्व ८५३ च्या कर्कार येथील लढाईच्या वर्णनात त्याचे नाव आले आहे.

अहाबाचा विवाह सीदोनचा राजा एथबाल याची कन्या ईजबेल हिच्याशी झाला. व्यापार आणि राजकारण या दृष्टीने ही सोयरीक फायद्याची होती. परंतु ईजबेलीने आपल्याबरोबर बाल या दैवताची उपासना आणली. राजाने शोमरोनात बालाचे मंदिर बांधले. परमेश्वराच्या वेद्या मोडल्या गेल्या, त्याच्या संदेष्ट्यांना शोधून ठार मारण्यात आले.

बाल हा वादळाचा आणि पावसाचा देव मानला जाई. सिरियाच्या किनाऱ्यावरील उगारित या प्राचीन नगराचे उत्खनन १९२९ पासून झाले. तेथे सापडलेल्या मातीच्या लेखांतून मेघांवर स्वार होणारा असे बालाचे रूप दिसते. शेतीवर जगणाऱ्या माणसाला अशा दैवताचे आकर्षण वाटणे स्वाभाविक होते. परमेश्वराला पूर्णपणे सोडायचे नाही, पण पावसासाठी बालालाही खूश ठेवायचे, अशी प्रजेची दुहेरी वृत्ती झाली होती. एलियाचा सारा संघर्ष या दुहेरी वृत्तीशी होता.

करीथचा ओहोळ

एलिया यार्देन नदीच्या पलीकडील गिलाद प्रांतातला, तिश्बी म्हणून ओळखला जाणारा. त्याच्या आईवडिलांविषयी शास्त्र काहीही सांगत नाही. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात तो अचानक अहाबासमोर उभा राहतो आणि आपण सांगेपर्यंत देशात दव किंवा पाऊस पडणार नाही असे बजावतो. त्याच्या नावाचा अर्थच परमेश्वर हाच माझा देव असा आहे. ज्या दैवताला प्रजा पाऊस देणारा मानत होती, त्याच दैवताच्या अधिकाराला या घोषणेने आव्हान दिले.

राजाला एवढे सुनावल्यावर एलियाने लोकांमध्ये जाऊन गर्जना केली नाही. देवाने त्याला यार्देनेच्या पूर्वेकडील करीथ नावाच्या ओहोळाकाठी लपून राहायला सांगितले. तेथे तो ओहोळाचे पाणी पीत असे. सकाळी आणि संध्याकाळी कावळे त्याला भाकरी आणि मांस आणून देत.

लोकांचे नेतृत्व करण्यासाठी निवडलेल्या माणसाला देवाने प्रथम एकांतात बसवले. तेथे त्याला रोजच्या अन्नासाठी रोज देवावर विसंबावे लागले, उद्याचा साठा हाती नव्हता. आणि काही दिवसांनी तो ओहोळही आटला. ज्याच्या शब्दाने पाऊस थांबला होता, त्यालाही त्या दुष्काळाची झळ सोसावी लागली. प्रजेच्या यातनांपासून तो वेगळा राहिला नाही. लोक तहानेले असताना ज्याचा हंडा भरलेला असतो, त्याच्या उपदेशाला वजन नसते, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

सारफथची विधवा

यानंतर देवाने त्याला सीदोन प्रांतातील सारफथ या गावी पाठवले. हा ईजबेलीचाच मुलूख होता. गावाच्या वेशीजवळ एक विधवा काटक्या गोळा करीत होती. एलियाने तिच्याजवळ प्यायला पाणी आणि भाकरीचा तुकडा मागितला. तिच्या घरात मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत थोडेसे तेल एवढेच उरले होते. त्याची शेवटची भाकरी करून मुलाबरोबर खावी आणि मग मरणाची वाट पाहावी, असा तिचा विचार होता.

एलियाने तिला धीर दिला आणि आधी आपल्यासाठी लहानशी भाकरी करायला सांगितले. ही मागणी वरवर कठोर वाटते. पण तिच्याबरोबर एक वचनही होते : पाऊस पडेपर्यंत मडक्यातले पीठ सरणार नाही आणि कुपीतले तेल आटणार नाही. त्या परदेशी, परधर्मी स्त्रीने विश्वास ठेवला आणि तसेच घडले. घर एकदम धान्याने भरले नाही. रोज पुरेल एवढेच रोज मिळत गेले. पुढे नासरेथच्या सभास्थानात प्रभू येशूने याच विधवेची आठवण करून दिली, तेव्हा ऐकणारे संतापले होते. देवाची कृपा आपल्या जातीकुळापुरती मर्यादित आहे, असे समजणाऱ्यांना ही कथा नेहमीच अडचणीची वाटते.

काही काळाने त्या विधवेचा मुलगा आजारी पडून मरण पावला. दुःखाने व्याकुळ झालेल्या आईने एलियालाच दोष दिला. एलियाने तिच्याशी वाद घातला नाही. त्याने तिच्या कुशीतून मूल घेतले, माडीवरच्या आपल्या खोलीत नेले आणि आपल्या अंथरुणावर ठेवले. या विधवेवर देवाने असे संकट का आणावे, असा रोखठोक प्रश्न त्याने देवालाच केला. तीन वेळा त्या बालकावर पालथे पडून त्याच्या प्राणासाठी त्याने आळवणी केली. देवाने त्याची हाक ऐकली. मूल जिवंत झाले आणि एलियाने त्याला खाली आणून आईच्या हाती दिले.

येथे एलियाच्या प्रार्थनेचे एक रूप दिसते. तो लोकांसमोर लोकांची बाजू घेऊन बोलतो असे नाही. तो दार लावून देवासमोर त्यांची बाजू मांडतो. दुसऱ्याच्या दुःखाचा जाब तो देवाकडे मागतो, आणि त्या दुःखी माणसाला मात्र उपदेश करीत नाही.

कर्मेल पर्वतावर

दुष्काळाचे तिसरे वर्ष उजाडले. राजा अहाब आणि त्याच्या घराचा कारभारी ओबद्या घोड्या-खेचरांसाठी गवत शोधत देशभर हिंडत होते. प्रजा उपाशी असताना राजाला जनावरांची चिंता पडली होती. ओबद्या मात्र देवाला भिणारा होता. ईजबेलीने संदेष्ट्यांची कत्तल चालवली तेव्हा त्याने शंभर जणांना पन्नास-पन्नास करून गुहेत लपवले आणि अन्नपाणी पुरवले होते. राजाची चाकरी करीतही माणूस आपली श्रद्धा जपू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

एलिया राजाला भेटला आणि सर्व इस्राएलांना कर्मेल पर्वतावर बोलवायला त्याने सांगितले. बालाचे साडेचारशे संदेष्टेही तेथे आले. एलियाने लोकांना विचारले की दोन मतांमध्ये किती दिवस लंगडत राहणार. लोक गप्प राहिले. ते मौन फार बोलके होते.

मग दोन बैल आणण्यात आले. लाकडे रचायची, अर्पण ठेवायचे, पण अग्नी लावायचा नाही; जो देव अग्नीने उत्तर देईल तोच खरा देव. बालाचे संदेष्टे सकाळपासून दुपारपर्यंत हाका मारीत राहिले, वेदीभोवती नाचले, अंगावर शस्त्रांनी जखमा करून घेतल्या. संध्याकाळच्या अर्पणाची वेळ झाली, तरी काहीही उत्तर आले नाही.

एलियाने लोकांना जवळ बोलावले. प्रथम त्याने परमेश्वराची मोडलेली वेदी दुरुस्त केली. इस्राएलाच्या बारा वंशांप्रमाणे बारा धोंडे घेऊन त्याने ती उभारली. राज्य दुभंगून दोन झाले होते, पण देवासमोर प्रजा अजून एकच आहे, असा त्याचा अर्थ होता. वेदीभोवती त्याने चर खणला. चार घागरी पाणी तीन वेळा ओतायला सांगितले. तीन वर्षांच्या दुष्काळात बारा घागरी पाणी वेदीवर ओतणे म्हणजे काय, हे टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला चांगले कळेल. जे सर्वांत मोलाचे होते ते त्याने देवाला वाहिले.

मग त्याने प्रार्थना केली. ती अगदी थोडक्या शब्दांची होती. अब्राहाम, इसहाक आणि इस्राएल यांच्या देवाला त्याने विनवले की तूच देव आहेस आणि या लोकांची मने तू पुन्हा वळवली आहेस, हे त्यांना कळू दे. स्वतःसाठी त्याने काहीच मागितले नाही. अग्नी उतरला, अर्पण, लाकडे, धोंडे, माती आणि चरातले पाणीही त्याने भस्म केले. लोक पालथे पडले आणि परमेश्वर हाच देव आहे, असे त्यांनी कबूल केले.

यानंतर किशोन ओहोळाजवळ बालाच्या संदेष्ट्यांचा वध झाला. हा भाग वाचताना आजच्या वाचकाचे मन थबकते, आणि ते थबकायलाच हवे. त्या काळातील संघर्षाची ती भीषण रीत होती. शोमरोनी गावाने स्वागत नाकारल्यावर आकाशातून अग्नी पाडावा का, असे शिष्यांनी विचारले, तेव्हा प्रभू येशूने त्यांना धमकावले होते. म्हणून एलियाची श्रद्धा आपण घ्यावी. तलवार मात्र ख्रिस्ताच्या शिष्याच्या हाती शोभत नाही.

तळहाताएवढा ढग

अग्नी उतरला, तरी पाऊस अजून आला नव्हता. एलियाने अहाबाला खायला-प्यायला पाठवले आणि स्वतः कर्मेलच्या माथ्यावर चढला. तेथे तो जमिनीपर्यंत वाकला आणि त्याने आपले तोंड गुडघ्यांमध्ये घातले. जो दिवसभर हजारो लोकांसमोर ताठ उभा होता, तो आता एकांतात जमिनीला टेकला.

त्याने आपल्या चाकराला समुद्राकडे पाहून यायला सांगितले. चाकर परत आला. काहीही दिसत नव्हते. एलियाने त्याला पुन्हा पाठवले. असे सहा वेळा झाले. सातव्या वेळी माणसाच्या तळहाताएवढा लहानसा ढग समुद्रातून वर येताना दिसला. एलियाला तेवढे पुरेसे होते. पाऊस अडवील त्यापूर्वी रथ जोडून खाली उतरावे, असा निरोप त्याने राजाला धाडला. थोड्याच वेळात आकाश ढगांनी काळे झाले आणि मोठा पाऊस कोसळला. राजाचा रथ इज्रेलकडे धावला आणि एलिया कंबर कसून त्याच्या पुढे धावत गेला.

याकोबाच्या पत्रात एलियाचे हेच उदाहरण दिले आहे. तो आपल्यासारखाच स्वभावाचा माणूस होता, हे तेथे आवर्जून सांगितले आहे. सहा वेळा रिकामे आभाळ पाहूनही सातव्यांदा पाठवण्याइतकी चिकाटी त्याच्याजवळ होती. आपली प्रार्थना बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वेळीच थकते.

झुडपाखालची घटका

येथे कथा संपली असती तर एलिया हा केवळ विजयी वीर ठरला असता. पण शास्त्र पुढचा अध्यायही सांगते. ईजबेलीने दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला ठार करण्याची शपथ घेतली. कर्मेलवर न डगमगलेला एलिया घाबरला आणि जीव घेऊन पळाला. तो यहूदातील बैर-शेब्यापर्यंत गेला, तेथे चाकराला ठेवले आणि एकटाच एक दिवसाची वाट रानात चालून गेला. एका झुडपाखाली बसून त्याने देवाजवळ मरण मागितले. आता पुरे झाले, आपण आपल्या पूर्वजांपेक्षा काही चांगले नाही, असे त्याला वाटले. मग तो तेथेच झोपी गेला.

देवाच्या एवढ्या मोठ्या सेवकालाही आयुष्य नकोसे झाले, हे शास्त्राने लपवून ठेवलेले नाही. मराठवाड्यातील कितीतरी घरांनी ही अवस्था जवळून पाहिली आहे. नापिकी, कर्ज आणि एकाकीपणा यांनी खचलेल्या शेतकऱ्यांनी आपले आयुष्य संपवल्याच्या बातम्या येथे वर्षानुवर्षे येत राहिल्या. अशा माणसाला श्रद्धा कमी पडली असे म्हणून मोकळे होणे सोपे असते. एलियाची कथा तसे म्हणू देत नाही.

देवाने त्याला काय दिले ते पाहण्यासारखे आहे. दूताने त्याला स्पर्श करून उठवले. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई होती. देवाने त्याला रागावले नाही, कर्मेलची आठवण करून दिली नाही, कमकुवत श्रद्धेबद्दल जाब विचारला नाही. तो खाऊन पिऊन पुन्हा झोपला. दूत दुसऱ्यांदा आला, त्याने पुन्हा स्पर्श केला, पुन्हा खायला दिले आणि वाट लांबची आहे हे सांगितले. स्पर्श, अन्न, पाणी, झोप आणि दुसऱ्यांदा येऊन केलेली विचारपूस, एवढाच तो दैवी उपचार होता. पवित्र परंपरेने या भाकरीत ख्रिस्तशरीराची, वाटसरूच्या शिदोरीची पूर्वखूण पाहिली आहे.

होरेबचा मंद स्वर

त्या अन्नाच्या बळावर एलिया चाळीस दिवस आणि चाळीस रात्री चालत होरेब पर्वतापर्यंत गेला. याच पर्वतावर मोशेला देवाचे दर्शन घडले होते. एलिया एका गुहेत राहिला. तू येथे काय करतोस, असा प्रश्न देवाने त्याला केला. एलियाने आपले गाऱ्हाणे मांडले : लोकांनी करार मोडला, वेद्या पाडल्या, संदेष्टे मारले आणि आता मी एकटाच उरलो आहे.

पर्वत फोडणारा सुसाट वारा सुटला, पण वाऱ्यात परमेश्वर नव्हता. भूकंप झाला, पण भूकंपात परमेश्वर नव्हता. अग्नी पेटला, पण अग्नीतही तो नव्हता. अग्नीनंतर एक शांत, मंद स्वर आला. तो ऐकताच एलियाने आपल्या झग्याने तोंड झाकून घेतले आणि तो गुहेच्या दाराशी उभा राहिला.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसराला भूकंपाचा धक्का बसला, तेव्हा लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली. देवाने शिक्षा केली असे त्या वेळी काहींनी म्हटले. होरेबची कथा वाचणाऱ्याने असे म्हणण्यापूर्वी थांबावे. भूकंपात परमेश्वर नव्हता, असे शास्त्र सांगते. ढिगारे उपसणाऱ्या हातांत, अनाथ झालेल्या मुलाला जवळ घेणाऱ्या कुशीत त्याचा मंद स्वर शोधावा लागतो.

देवाने तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि एलियाने तेच गाऱ्हाणे पुन्हा सांगितले. या वेळी देवाने त्याला तीन कामे दिली : हजाएलाला अरामाचा राजा, येहूला इस्राएलाचा राजा आणि अलीशाला आपल्या जागी संदेष्टा म्हणून अभिषेक करायचा. शिवाय बालापुढे गुडघे न टेकलेले सात हजार लोक इस्राएलात राखून ठेवल्याचेही देवाने सांगितले. आपण एकटे उरलो हा एलियाचा समज खरा नव्हता. श्रद्धावंत थोडे असले तरी ते असतात. निराश डोळ्यांना ते दिसत नाहीत इतकेच.

अलीशा आणि नाबोथाचा मळा

होरेबहून परतताना एलियाला अलीशा शेतात भेटला. बारा जोड्या बैलांची नांगरट चालली होती आणि बाराव्या जोडीबरोबर अलीशा स्वतः होता. एलियाने आपला झगा त्याच्यावर टाकला. अलीशाने आपली बैलजोडी कापली, नांगराच्या लाकडांवर मांस शिजवून लोकांना जेवू घातले आणि तो एलियाच्या मागे निघाला. देवाचे पाचारण नांगर धरणाऱ्या हातांनाही येते.

पुढची घटना जमिनीची आहे. इज्रेलमध्ये नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा राजवाड्याला लागून होता. राजाला तेथे भाजीचा मळा करायचा होता. राजाने मोबदला देऊ केला, पण वाडवडिलांचे वतन देण्यास नाबोथाने नकार दिला. राजा तोंड फिरवून बिछान्यावर पडून राहिला. ईजबेलीने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर त्याची मोहर लावली, खोटे साक्षीदार उभे केले आणि देवाची व राजाची निंदा केल्याच्या आरोपावरून नाबोथाला दगडमार करून ठार मारवले. अहाब मळ्याचा ताबा घ्यायला गेला, तेव्हा एलिया तेथे उभा होता. खून करून वर मालमत्ताही बळकावल्याबद्दल त्याने राजाला देवाचा निवाडा सुनावला.

सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी पिढ्यान् पिढ्या झगडणाऱ्या माणसांना या प्रसंगाचा अर्थ उलगडून सांगायला नको. बालाची उपासना आणि नाबोथाचा खून ही एकाच पापाची दोन टोके आहेत, हे एलियाने ओळखले होते. ज्याने खरा देव सोडला, त्याला शेजाऱ्याचा जीव आणि जमीन स्वस्त वाटू लागते. म्हणून जो संदेष्टा डोंगरावर प्रार्थनेत वाकला, तोच मळ्याच्या बांधावर राजाच्या आडवा आला. अहाबाने गोणपाट नेसून उपास केला, तेव्हा देवाने त्याच्या हयातीपुरते अरिष्ट पुढे ढकलले. पश्चात्तापाचे दार अहाबासारख्यालाही बंद नव्हते.

अग्निरथ आणि त्यानंतर

अहाबानंतर त्याचा पुत्र आहज्या गादीवर आला. आजारपणात त्याने परक्या दैवताला कौल लावायला माणसे पाठवली, तेव्हाही एलियाने त्याला अडवले. यानंतर एलियाच्या जाण्याची वेळ आली. गिलगाल, बेथेल, यरीहो या वाटेने तो यार्देनेपर्यंत गेला. अलीशाने त्याची साथ सोडली नाही. झग्याने पाणी दुभंगून दोघे पलीकडे गेले. अलीशाने आपल्या गुरूच्या आत्म्याचा दुप्पट वाटा मागितला. बोलत चालले असताना अग्नीचा रथ आणि अग्नीचे घोडे त्यांच्यामध्ये आले आणि एलिया वावटळीतून स्वर्गात गेला. खाली पडलेला त्याचा झगा अलीशाने उचलला.

त्यानंतर एलियाची वाट पाहणे हा इस्राएली श्रद्धेचा भाग झाला. मलाखीच्या ग्रंथाने तो परत येईल असे सांगितले. बेनसीराने त्याची थोरवी गायिली. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानामध्ये ते वचन पूर्ण झाले, असे प्रभू येशूने शिष्यांना समजावून दिले. रूपांतराच्या डोंगरावर मोशे आणि एलिया प्रभूशी बोलत उभे राहिले. गुहेच्या दाराशी तोंड झाकून उभा राहिलेला संदेष्टा तेथे उघड्या चेहऱ्याने देवाच्या पुत्रासमोर उभा होता.

आपल्या महाराष्ट्राशीही त्याचे नाते आहे. कोकणातील बेने इस्राएल हा मराठी बोलणारा यहुदी समाज एलियाला एलियाहू हन्नाबी या नावाने मानतो. नवस फेडताना आणि शुभकार्याच्या वेळी पोहे, खोबरे आणि फळे यांचा मलिदा मांडून त्याचे स्मरण केले जाते. अलिबागजवळील खंडाळे येथील एका खडकावर त्याच्या रथाच्या खुणा उमटल्या आहेत, अशी या समाजाची श्रद्धा आहे. इस्राएल देशात जाऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनीही मलिद्याची प्रथा जपली आहे. ख्रिस्ती परंपरेत कर्मेल पर्वतावर राहणाऱ्या एकांतवासी साधकांतून कार्मेलाइट संघ निर्माण झाला. त्या संघाचे साधू एलियाला आपला आध्यात्मिक पिता मानतात. १७२० साली मुंबईतील ख्रिस्तमंदिरांची जबाबदारी याच संघाच्या धर्मगुरूंकडे आली होती. कार्मेल मातेचे वस्त्रचिन्ह गळ्यात घालणाऱ्या भाविकाचे नातेही नकळत या संदेष्ट्यापर्यंत पोहोचते.

आपल्यासाठी बोध

प्रिय भाविकांनो, मराठवाड्यात ख्रिस्ती कुटुंबे विखुरलेली आहेत. १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांताचा विस्तार लातूर-नांदेडपर्यंत आहे, आणि अनेक गावांत श्रद्धावंतांची घरे बोटांवर मोजता येतील एवढीच असतात. आपण एकटेच उरलो, असे वाटायला वेळ लागत नाही. अशा वेळी त्या सात हजारांची आठवण ठेवावी.

एलियाच्या जीवनातून आपल्या घरात आणि गावात आणता येतील अशा काही गोष्टी आहेत. कुटुंबातील मोडलेली वेदी, म्हणजे बंद पडलेली संध्याकाळची प्रार्थना, पुन्हा उभारावी. पावसासाठी प्रार्थना करावी, आणि पडलेले पाणी अडवण्याच्या, विहीर आणि शिवार राखण्याच्या गावकीच्या कामातही हात द्यावा. कुणाची जमीन खोट्या कागदांवर जात असेल तर गप्प बसू नये. कर्मेलवरचे लोकही आधी गप्पच बसले होते.

आणि सर्वांत महत्त्वाचे हे की झुडपाखाली बसलेल्या माणसाकडे जावे. ज्याचे पीक गेले, ज्याच्या दाराशी सावकाराचा माणूस येऊन गेला, जो चार दिवस चावडीवर दिसला नाही, त्याच्या घरी उपदेश घेऊन जाण्याची घाई करू नये. भाकर आणि पाणी न्यावे, खांद्यावर हात ठेवावा, त्याचे ऐकून घ्यावे, गरज असेल तर त्याला डॉक्टरांकडे न्यावे, आणि दूताप्रमाणे दुसऱ्यांदाही जावे. पहिल्या भेटीने एलिया उठून बसला, पण पुन्हा झोपला होता. दुसऱ्या भेटीनंतर तो चालू लागला.

देवाने एलियाची प्रार्थना ऐकली, आणि तो बोलेनासा झाला तेव्हा त्याच्या मौनाचीही दखल घेतली. तोच देव आपल्या शिवारावर आणि आपल्या माणसांवर कृपादृष्टी ठेवो, आणि संत एलियाच्या मध्यस्थीने आपल्याला सातव्यांदा आभाळाकडे पाहण्याचे बळ देवो.